मुलाम्यावरचा रंग आणि सायकलचें नांव

‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण मुलामा दिलेल्या धातूला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. चकचकीत क्रोमची सायकल पाहिली कीं, ही कधीं गंजावयाची नाहीं व हिला रंगाची गरजहि पडावयाची नाहीं, अशी पाहणाराची समजूत होते. वीस-पंचवीस पावसाळे अंगावरून गेले म्हणजे ही समजूत आपोआप दूर होते. प्रथम नळ्यांवर तपकिरी ठिपके उमटतात, मग सांध्यांपाशीं मुलामा फुगतो, आणि एके दिवशीं नखाबरोबर त्याचा पापुद्रा निघून येतो. अशा वेळीं घरांतील एखादा हौशी मुलगा बाजारांतून रंगाचा डबा आणतो, रविवारची दुपार खर्चीं घालून सायकल लालभडक करतो, आणि दोन-चार महिन्यांत तोच रंग सालपटांसारखा सुटूं लागला म्हणजे रंगाच्या कारखानदाराला बोल लावतो. कारखानदाराचा त्यांत बहुधा कांहींच अपराध नसतो. रंग ज्याच्यावर बसवावयाचा त्याची ओळख करून न घेतल्याचें तें फळ असतें.

जुनी सायकल स्वतःच्या हातानें नवी करावी, ही हौस अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतून दिसूं लागली आहे. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून गाजलेल्या पुण्यांत तर २०१७ सालीं कर्वेनगर येथें विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय सुरू झालें, आणि जुन्या सायकली मोडींत घालण्याच्या लायकीच्या नसतात, हें पुष्कळांना प्रथमच प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. ह्या हौशी मंडळींपुढें दोन अडचणी हटकून येतात. क्रोमवर रंग टिकवावा कसा, ही पहिली. आणि रंगकामांत पुसून गेलेलें सायकलचें नांव व तिचीं चित्रें परत आणावीं कशीं, ही दुसरी. ह्या दोन्हींचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

क्रोम म्हणजे काय?

क्रोमियम हा धातु वोक्लँ नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १७९७ सालीं शोधून काढला. त्याचे क्षार नाना रंगांचे असतात, म्हणून रंग ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नांव मिळालें. मौज अशी कीं, ज्याचें नांवच रंगावरून पडलें त्या धातूवर रंग म्हणून बसत नाहीं! विजेच्या साहाय्यानें ह्या धातूचा मुलामा देण्याची व्यापारी कृति अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत फिंक आणि एल्ड्रिज ह्यांनीं १९२४ च्या सुमारास सिद्ध केली. त्यापूर्वींच्या सायकलींचे चकचकीत भाग निकलचे असत. निकलची झांक किंचित् पिवळसर, तर क्रोमची निळसर असते. एवढी खूण लक्षांत ठेवली तरी १९२० पूर्वींची म्हणून दाखविलेल्या सायकलचा मुलामा मूळचा कीं मागाहून दिलेला, हें सांगतां येतें.

आपण ज्याला क्रोम म्हणतों तो वस्तुतः एकावर एक दिलेल्या थरांचा संच असतो. पोलादावर कधीं तांब्याचा, त्यावर निकलचा आणि सर्वांत वर क्रोमचा थर असतो. निकलचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून तीन-चार शतांशांपर्यंत जाड असतो. वरचा क्रोम मात्र मिलिमीटरच्या दोन ते चार हजाराव्या भागाइतकाच पातळ असतो. त्या पातळ थरांत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात. म्हणजे गंजापासून खरें रक्षण करतें तें निकल. क्रोम त्याला चकाकी आणि काठिण्य देतो. कारखान्यानें निकलांत काटकसर केली असेल, तर वरून आरशासारखी दिसणारी नळी आंतून लौकर गंजूं लागते.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. दुकानदार ‘क्रोमोली’ची फ्रेम म्हणून जी दाखवितात ती क्रोमचा मुलामा दिलेली असतेच असें नाहीं. त्या पोलादांत क्रोमियम आणि मॉलिब्डेनम थोड्या प्रमाणांत मिसळलेलें असतें. त्यामुळें नळी पातळ असूनहि बळकट होते, पण रंगावांचून ती साध्या लोखंडासारखीच गंजते.

आपल्या वाडवडिलांनीं वापरलेल्या रॅले, हर्क्युलिस, बी. एस. ए. इत्यादि विलायती सायकलींच्या फ्रेमी बहुधा काळ्या इनॅमलच्या असत. क्रोम असे तो हँडलला, रिमांना आणि पायडलच्या दांड्यांना. शर्यतीच्या सायकलींची गोष्ट निराळी. इटलींतील व फ्रान्समधील कारागीर पुढच्या चिमट्याचीं आणि मागच्या नळ्यांचीं टोकें क्रोमचीं करीत, कारण चाक काढतां-घालतांना तेथें नटाच्या दाबानें रंग उडतो. शिकागोच्या श्विन कंपनीनें १९३८ सालीं काढलेली पॅरामाउंट ही सायकल तर संपूर्ण क्रोमच्या फ्रेमसहहि मिळत असे. परदेशीं गेलेल्या मुलाबाळांनीं हौसेनें घेतलेल्या जुन्या सायकलींत अशी एखादी फ्रेम हातीं लागणें अशक्य नाहीं.

रंगवावी कीं न रंगवावी?

फ्रेम हातीं आल्याबरोबर रंगाचा विचार करूं नये. प्रथम तिची प्रकृति पाहावी. नुसते तपकिरी ठिपके असतील, तर अल्युमिनियमच्या पातळ कागदाचा चोळामोळा करून तो पाण्यांत बुडवावा व हलक्या हातानें नळीवर घासावा. अल्युमिनियम क्रोमपेक्षां मऊ असल्यामुळें चरे पडत नाहींत आणि गंज मात्र निघून येतो. मग नळी कोरडी करून वर मेणाचा हात द्यावा. अशा फ्रेमीला रंग देणें म्हणजे धडधाकट माणसाला औषध पाजणें होय. शंभरांतील पुष्कळ फ्रेमींचें काम एवढ्यावरच भागतें.

कांहीं ठिकाणीं क्रोम झिजून खालचें पिवळसर निकल दिसत असेल, पण थर पोलादाला घट्ट धरून असेल, तर त्यावर रंग देतां येतो. परंतु मुलामा फुगलेला किंवा पापुद्रे सुटत असलेला असेल, तर त्यावर दिलेला रंग पापुद्र्यासह गळून पडणार हें निश्चित. तेथें सुटलेला मुलामा समूळ काढणें हाच एक उपाय, आणि तें काम मुलामा देणाऱ्या अनुभवी कारखान्यांतच व्हावें.

कारखान्याकडे फ्रेम देतांनाहि दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या. पहिली ही कीं, चकाकी आणण्याच्या नादांत नळ्या व सांध्यांचे कांठ घासून पातळ करूं नयेत. शर्यतीच्या फ्रेमीच्या नळ्या मधल्या भागांत मिलिमीटरपेक्षांहि पातळ असतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आम्लांत बुडविलेल्या फ्रेमीच्या पोकळ नळ्यांत आम्ल साचून राहतें. तें सोड्याच्या पाण्यानें मारून, धुवून, नळ्या वाळवून आंतून तेल फिरविलें नाहीं, तर बाहेर झगमगाट आणि आंत गंज अशी स्थिति होते. शिवाय आम्लाच्या व विजेच्या क्रियेंत हायड्रोजन वायु पोलादांत शिरतो व अतिकठीण जातींचें पोलाद त्यामुळें ठिसूळ होतें. म्हणून मुलाम्यानंतर लगेच कांहीं तास भट्टींत तापवून तो बाहेर काढावा लागतो. ही माहिती ज्या कारागिराला आहे त्याच्याच हातीं फ्रेम द्यावी.

रंग कां सुटतो, आणि कसा धरतो?

भिंतीला चुना धरतो, कारण भिंत खरबरीत असते. क्रोमच्या पृष्ठभागावर हवेंतील प्राणवायूमुळें एक अत्यंत पातळ, कठीण आणि गुळगुळीत पापुद्रा आपोआप तयार होतो. त्यामुळेंच क्रोम काळवंडत नाहीं, आणि त्यामुळेंच रंगाला तेथें पकड मिळत नाहीं. जुन्या शर्यतीच्या सायकलींत क्रोमवर जेथें रंग चढविलेला असतो, नेमका त्या सीमेवरून तो प्रथम उडालेला दिसतो, त्याचें कारण हेंच.

तेव्हां सर्व मेहनत रंगापूर्वींच्या तयारींत आहे. सुटे भाग काढून फ्रेम साबणाच्या पाण्यानें व नंतर मेण आणि तेल काढणाऱ्या द्रवानें स्वच्छ करावी. यापुढें तिला उघडा हात लावूं नये, कारण हाताचें तेलहि रंगाचें वैरी असतें. मग ३२० ते ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यांत भिजवून सर्व नळ्या अशा घासाव्या कीं, आरसा जाऊन सर्वत्र दुधी, निस्तेज छटा यावी. सांध्यांच्या कोपऱ्यांत चमक राहूं देऊं नये. रंग प्रथम सुटतो तो तेथूनच. घासतांना कांठावरचा क्रोम जाऊन निकल उघडें पडलें तर घाबरण्याचें कारण नाहीं, निकलवर अस्तर अधिक चांगलें बसतें. पोलाद उघडें पडलें असेल तेथें मात्र त्याच दिवशीं अस्तर चढवावें.

अस्तराकरितां दोन डब्यांचें, म्हणजे मिसळून वापरावयाचें इपॉक्सी प्रायमर ह्या कामीं सर्वांत भरंवशाचें ठरतें. आम्लयुक्त प्रायमर पोलादावर व अल्युमिनियमवर चांगलें काम देतें. अखंड क्रोमवर एकट्या त्याच्या भरंवशावर राहूं नये. अस्तर, रंग आणि वरचें लॅकर हीं एकाच कारखान्याचीं घ्यावीं आणि दोन हातांमधील वेळ डब्यावर दिल्याप्रमाणें कसोशीनें पाळावी. एका जाड हातापेक्षां तीन पातळ हात केव्हांहि श्रेयस्कर. पायडलच्या आंसाच्या नळींतील आटे, हँडलच्या नळीचीं तोंडें व सीटची नळी आंतून झांकून ठेवावी. पावसाळ्यांत हें काम मुळींच काढूं नये. दमट हवेंत ताज्या रंगावर पांढुरकी साय येते. मार्गशीर्ष-पौषांतील कोरडे दिवस त्याला उत्तम.

सर्व फ्रेम रंगविण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. पायडलच्या आंसाखालीं, जेथें कोणी पाहात नाहीं अशा जागीं अस्तर व रंग लावून तो आठवडाभर पुरता वाळूं द्यावा. मग धारदार पात्यानें त्यावर जाळीसारख्या उभ्या-आडव्या रेघा ओढाव्या, वर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यानें ओढावी. चौकटी जागच्या जागीं राहिल्या तर पुढें जावें. पट्टीबरोबर निघून आल्या तर पुनः घासावें. रंगाच्या कारखान्यांतहि पकड पाहण्याची रीति ह्याच जातीची आहे.

पावडर कोटिंगची सूचना पुष्कळ जण करतील. त्यांत रंगाची पूड विजेच्या आकर्षणानें चिकटवून सुमारें १८० ते २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टींत वितळवितात. पितळी किंवा चांदीच्या झाळेनें जोडलेल्या पोलादी फ्रेमीला ह्या उष्णतेनें धोका नाहीं, कारण ती झाळ ६०० अंशांच्या पुढेंच वितळते. पण गुळगुळीत क्रोमवर ही पूडहि पकड धरीत नाहीं आणि सुटली तर मोठमोठ्या तुकड्यांनीं सुटते. शिवाय तिच्या जाड थराखालीं सांध्यांची नक्षी आणि फ्रेमीवर ठोकलेला क्रमांक बुजून जातो.

घरांतील माणसांची काळजी

ह्या हौसेंत प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि घरांत लहान मुलें असतील तर तो सर्वांत आधीं विचारांत घ्यावा. नळीवरचा क्रोम धातुरूपांत असतो तोंवर तो निरुपद्रवी असतो. परंतु कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत फ्रेम ठेवून बॅटरीच्या विजेनें क्रोम उतरविण्याची जी कृति हौशी लोक एकमेकांना सांगतात, तिच्यांत षट्संयुजी क्रोमियम निर्माण होतें, आणि पाणी पिवळें दिसूं लागतें. ह्या द्रव्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणिलें आहे. तें पाणी मोरींत ओतलें म्हणजे जमिनींत मुरतें. तामिळनाडूंतील राणीपेट येथें क्रोमच्या कारखान्यांतील अवशेषांनीं विहिरींचें पाणी कसें नासलें, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां ही कृति घरीं कोणीहि करूं नये.

जुना रंग घासतांनाहि कोरडा घासूं नये. त्यांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांस ९० भागांपेक्षां अधिक शिसें नसावें, असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्यापूर्वींच्या रंगाची ती हमी नाहीं. पाणी वापरून घासावें, निघालेला चिखल कागदांत टिपून वेगळा टाकावा आणि कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुवूं नयेत. मोटारींकरितां मिळणारे हार्डनर मिसळावयाचे जे फवारणीचे रंग असतात, त्यांतील आयसोसायनेट द्रव्यांमुळें कायमचा दमा जडूं शकतो. फडक्याच्या किंवा कागदाच्या मुखपट्टीनें तीं अडत नाहींत. तें काम योग्य साधनें असलेल्या मोटार-रंगाऱ्याकडेच सोंपवावें.

पुसण्यापूर्वीं मोजा

आतां सायकलच्या नांवाकडे वळूं. फ्रेमीवरील ज्या नांवाच्या व नक्षीच्या चित्रांना जुने दुकानदार ट्रान्स्फर व हल्लींचे लोक सरसकट स्टिकर म्हणतात, तीं एकदां घासून गेलीं म्हणजे परत येत नाहींत. म्हणून कागद नळीला लावण्यापूर्वीं त्यांची मोजदाद करून ठेवावी.

नुसतें छायाचित्र घेऊन भागत नाहीं. चित्र गोल नळीभोंवतीं गुंडाळलेलें असतें आणि छायाचित्रांत त्याची रुंदी आखडते. उदाहरणार्थ, जुन्या पोलादी फ्रेमीच्या खालच्या तिरप्या नळीचा व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर, म्हणजे तिचा घेर सुमारें ९० मिलिमीटर असतो. तिच्यावर ४० मिलिमीटर उंचीचें अक्षर असेल, तर तें छायाचित्रांत सुमारें २८ मिलिमीटरच दिसतें. छायाचित्रावरून अक्षर पाडणारानें तेंच माप धरलें, तर नवें नांव खुजें आणि विद्रूप होतें. यासाठीं ट्रेसिंगचा कागद नळीला घट्ट लपेटून चित्राची रेघन् रेघ पेन्सिलीनें उतरून घ्यावी, आणि मग छायाचित्र फक्त रंगांच्या ओळखीसाठीं घ्यावें. त्यांत एक फूटपट्टी दिसेल अशी ठेवावी. प्रत्येक चित्र सांध्याच्या कांठापासून किती अंतरावर आहे व अक्षरें कोणत्या दिशेनें वाचलीं जातात, हेंहि लिहून ठेवावें.

चित्रांखेरीज ज्या खुणा असतात त्याहि जपाव्या. विक्रेत्याच्या दुकानाची लहानशी पट्टी, नगरपालिकेच्या सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला, पायडलच्या आंसाखालीं ठोकलेला क्रमांक, हे त्या सायकलचे दाखले होत. चित्र नवें मिळतें, हे दाखले मिळत नाहींत. स्टर्मे-आर्चर कंपनीच्या गिअर असलेल्या मागच्या हबवर तर पुष्कळदां वर्ष आणि महिना ठोकलेला आढळतो. चाक मूळचेंच असेल, तर सायकलचें वय त्यावरून ठरवितां येतें आणि कोणत्या सालचीं चित्रें शोधावयाचीं हें कळतें.

चित्रें मिळवावीं कशीं?

जुन्या चित्रांचे मुख्य प्रकार दोन. एका प्रकारांत चित्राला वार्निश लावून, तें किंचित् चिकट झालें म्हणजे नळीवर दाबीत व मागाहून वरचा कागद पाण्यानें भिजवून काढीत. दुसऱ्यांत चित्र कोमट पाण्यांत भिजवून कागदावरून अलगद नळीवर सरकवीत. लहानपणीं वहींत चित्रें चिकटविणाऱ्यांना हा प्रकार नवा नाहीं. आजचे प्रकार म्हणजे घासून उमटविण्याचीं कोरडीं अक्षरें आणि व्हायनिलचे स्टिकर.

नामवंत जुन्या सायकलींचीं चित्रें नव्यानें छापून विकणारे व्यावसायिक इंग्लंड-अमेरिकेंत आहेत, आणि इंग्लंडांत १९५५ सालीं स्थापन झालेला व्हेटरन-सायकल क्लब आपल्या सभासदांकरितां अशीं चित्रें उपलब्ध करून देतो. मागणी करतांना केवळ कंपनीचें नांव कळवूं नये. साल, नमुना, नळीचा व्यास व आपण उतरून घेतलेलें माप कळवावें. एकाच कंपनीनें दर चार-सहा वर्षांनीं अक्षरांचें वळण बदललेलें असतें.

ज्यांचीं चित्रें कोठेंच मिळत नाहींत त्यांनीं गांवांतील ‘रेडियम’च्या दुकानाचा आश्रय घ्यावा. मोटारसायकलींवर नांवें कापून देणारे हे कारागीर आपल्या ट्रेसिंगवरून संगणकावर आकृति काढून व्हायनिल हुबेहूब कापून देतात. बारीक सोनेरी रेघा असतील, तर स्क्रीन-प्रिंटिंग करणाराकडे जावें. घरच्या छपाईयंत्रावर हा उद्योग करूं नये. त्याच्या शाया पारदर्शक असतात. खालीं पांढरा थर नसेल, तर क्रोमची चमक त्यांतून फुटते आणि लाल अक्षर मळकट दिसूं लागतें. सोनेरी रंग तर त्या यंत्राला मुळींच साधत नाहीं.

रंगीत नळीवर चित्र लावावयाचें असेल, तर रंग पुरता वाळल्यावर तें बसवावें व वर लॅकरचा हात द्यावा. पहिला हात फवाऱ्यानें अगदीं विरळ मारावा, नाहींतर थिनरच्या तेजानें चित्र सुरकुततें. उघड्या क्रोमवर लावलेल्या चित्रावर मात्र लॅकर देऊं नये. रंगाला जेथें पकड नाहीं तेथें लॅकरला कोठून असणार? तेथें चांगलें व्हायनिल लावून मोकळें सोडावें.

नांव खरें असावें

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. सायकलवरचें चित्र ही नुसती शोभा नव्हे, ती एक साक्ष असते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनें ‘५३१’ जातीच्या पोलादी नळ्या १९३५ सालीं बाजारांत आणल्या, आणि तेव्हांपासून ‘५३१’चें चित्र ही चांगल्या फ्रेमीची ओळख ठरली. त्याच कंपनीच्या १९७६ च्या सुमाराच्या ‘७५३’ नळ्या इतक्या पातळ होत्या कीं, झाळकामाच्या परीक्षेंत उतरलेल्या कारागिरांनाच त्या मिळत. असें चित्र साध्या नळीच्या फ्रेमीवर चिकटविणें म्हणजे परीक्षा न देतां नांवापुढें पदवी लावण्यासारखें आहे. आज तें कोणीहि दहा-वीस मिनिटांत करूं शकतो, आणि म्हणूनच तें न करण्याची जबाबदारी अधिक आहे. आपण हौस म्हणून लावलेलें खोटें नांव उद्यां दुसरा कोणी खरें समजून मोल देईल, व त्या सायकलच्या इतिहासांत एक असत्य कायमचें शिरेल.

म्हणून काम पुरें झालें म्हणजे एका कागदावर टांचण करावें: फ्रेम मूळची क्रोमची होती किंवा कसें, रंग कोणत्या सालीं दिला, कोणतीं चित्रें मूळचीं व कोणतीं नवीं, जुन्या चित्रांचीं मापें काय होतीं, आणि फ्रेमीचा क्रमांक कोणता. हें टांचण, ट्रेसिंगचे कागद आणि निघालेला जुना बिल्ला एका पाकिटांत घालून घरच्या कागदपत्रांत ठेवावा. घरांतील दागिन्यांची यादी आपण जपून ठेवतों. ज्या सायकलवरून घरांतील एक पिढी शाळेला व कचेरीला गेली, तिच्यासाठीं पानभर लिहिण्याचा कंटाळा कोणीं करूं नये. पुढें जेव्हां कोणी तो रंग उतरवील, तेव्हां त्याला खालीं काय आहे हें आधींच ठाऊक असेल.